फुंत्सियोना म्हणायचं कुणी

“फुंत्सियोना,” देल्फिनाबाई म्हणाली.

“फुनशाना,” म्हादू म्हणाला.

बाईनं हातातली लाकडी पळी त्याच्या गुडघ्यावर हाणली.

“फुन्-त्सि-यो-ना!”

“आवं बाई, त्येच म्हनतुया की! पाव्हणं, तुमी तरी सांगा हिला. येगळं काय म्हनलो मी?”

“मला नका इचारू,” मी म्हणालो. “मला मराठी बी धड बोलता येत न्हाई, आसं हौसावैनी सांगती.”

हौसावहिनी म्हणजे म्हादूची थोरली बहीण. ती आमच्या भावकीत दिलेली. म्हादू सपकाळ जावळीच्या खोऱ्यातला, मी रंगराव बर्गे कोरेगावकडचा. खडकीला भरती झालो तेव्हा एकाच बराकीत शेजारीशेजारी पडलो, आणि नातं निघाल्यावर एकमेकांना ‘पाव्हणं’ म्हणायला लागलो. पुढं आफ्रिकेची वाळू झाली, बोट झाली, इटलीचा चिखल झाला, तरी ‘पाव्हणं’ काही सुटलं नाही. सोयरिकीत थट्टेला तोटा नसतो, आणि त्या दिवसांत थट्टेशिवाय आमच्याजवळ दुसरं काही नव्हतंही.

बसलो होतो ते मेंढरांच्या गोठ्यात. मेंढरं जर्मनांनी केव्हाच खाऊन टाकली होती, आता तिथं माणसं राहत होती. डोंगराच्या कुशीतलं ते गाव जर्मनांनी थंडीच्या सुरवातीला सक्तीनं रिकामं करवलं, त्यात मोर्चे बांधले, आणि मागं हटताना घराघरांत सुरुंग पेरून गेले. लोक परत आले खरे, पण आपल्याच गावात पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून गावाखालच्या या गोठ्यात, लेंड्यांच्या वासात, सगळं गाव दाटीवाटीनं पडलेलं. युद्ध सरत आलं होतं, असं मागाहून कळलं. तेव्हा आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आमची तुकडी सुरुंग काढणाऱ्यांची. रस्ता मोकळा करणं, पूल बांधणं ही खरी कामं. ती उरकली, की जे हात रिकामे असतील त्यांनी गावातली घरं तपासायची. आमचे हवालदार जगदाळे, म्हादू आणि मी असे तिघं त्या कामावर होतो.

रस्त्यातला सुरुंग आणि घरातला सुरुंग यांत मोठा फरक. रस्त्यातला वाट अडवायला ठेवलेला असतो. घरातला फसवायला ठेवलेला असतो. ठेवणाऱ्यानं आधी विचार केलेला असतो, की इथं येणारा माणूस काय करील? दार उघडील. भुकेला असेल तर कपाट उघडील. दमला असेल तर खाटेवर बसेल. भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली तर सरळ करील. माणसाच्या साध्यासुध्या सवयींचा असा अभ्यास मी पुन्हा कुठं पाहिला नाही. जगदाळे हवालदार रोज सकाळी एकच मंत्र म्हणायचे, “वाकडं दिसलं तर वाकडंच ऱ्हाऊ द्या. सांडलं आसंल तर सांडलेलंच बरं. घर आपलं न्हवं.”

पहिलं घर तपासून झालं, तेव्हा आम्ही घरमालकाला हातवारे करून सांगितलं, जा, झालं. तो म्हातारा उंबऱ्यापर्यंत आला आणि खांबासारखा उभा राहिला. आत जाईना. मग त्यानं अंगणातल्या विहिरीच्या रहाटाकडं बोट केलं, आणि तेच बोट म्हादूच्या छातीवर टेकवलं. आधी तू.

“रास्त हाय,” म्हादू म्हणाला. त्यानं रहाट फिरवला, बादली वर काढली, पाणी पिऊन दाखवलं. मग म्हाताऱ्यानं दाराकडं बोट केलं. मग कपाटाकडं. मग खाटेकडं. म्हादू खाटेवर बसला, लोळला, दोन्ही पाय वर करून दाखवले. तेव्हा कुठं म्हातारा हसला आणि आत गेला.

त्या दिवसापासून ती रीतच पडली. घर आम्ही तिघांनी तपासायचं, पण शेवटी धन्यासमोर प्रत्येक वस्तू वापरून दाखवायची ती म्हादूनं. मला कुणी सांगत नसे. माझा चेहराच तसा नसावा. म्हादूचं तोंड गोल, दात पुढं, आणि हसला की समोरच्याला वाटायचं आपल्याच घरातला आहे.

अडचण एवढीच, की वापरून दाखवलं तरी काहीतरी बोलावं लागतं. सरकारनं आम्हाला छापील कागद दिला होता. त्यात ‘शत्रू कुठे आहे’ आणि ‘हात वर करा’ होतं. ‘तुमची खाट नीट आहे’ असं कुणाला सांगायची वेळ येईल, हे छापणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. तेव्हा देल्फिनाबाईनं म्हादूला पदराखाली घेतलं.

बाई पन्नाशी उलटलेली, विधवा, आवाज पाटलिणीसारखा. काळा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला. गोठ्यातल्या सगळ्यांवर तिची हुकमत चाले, आणि दोन दिवसांत आमच्यावरही चालू लागली. शिकवायची मात्र नेमकं. विहिरीचा रहाट, कुलूप, शिवणयंत्र, घड्याळ, जे जे चालतं त्याला ‘फुंत्सियोना’. खाट, भिंत, जिना, जे नुसतं आपल्या जागी धड आहे त्याला ‘आ पोस्तो’. आधी बिघडलेलं होतं आणि आता चालायला लागलं, तर ‘अदेस्सो वा’. आणि सगळंच ठीक असेल तर ‘वा बेने’. हे शेवटचं म्हादूला फार आवडलं. वाहवा केल्यासारखं वाटतं म्हणायचा, आणि बाईच्या पातळ सूपलासुद्धा ‘वा बेने’ म्हणून तिला चिडवायचा.

एक गोष्ट तिला मुळीच खपत नसे. एकदा एका घराचं कुलूप म्हादूनं नुसतं लांबून पाहिलं आणि म्हणून टाकलं, “फुंत्सियोना.” बाईनं तिथल्या तिथं, साऱ्या लोकांसमोर, त्याच्या हातावर चापट मारली. मग त्याच हातात किल्ली दिली. “प्रोवा,” म्हणाली. करून बघ. त्यानं किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, पुन्हा लागलं. “आता म्हण,” असं तिनं हनुवटीनं खुणावलं.

“पाव्हणं,” म्हादू मला म्हणाला, “बाई कडक हाय, पर बरुबर हाय. ज्येच्या हातानं चाललं त्येच्याच तोंडानं निगालं पायजे. न्हाई तर त्या शब्दाला इचारतंय कोन?”

गावातली घरं एकेक करत भरत चालली. धुराडी पेटू लागली. गोठा रिकामा होत गेला आणि तसतशी तिथली थंडी वाढत गेली. राहिली फक्त देल्फिनाबाई, तिची लेक इनेस आणि इनेसचं पोर.

पोर गोठ्यातच जन्मलेलं. बापाचा पत्ता नव्हता, तो कुठल्या कैद्यांच्या छावणीत होता म्हणे. रंग मेणासारखा, आणि खोकला असा, की एवढ्याशा छातीत एवढा खोकला मावतो कसा असं वाटावं. खोकून दमलं की ते निळसर पडायचं, आणि इनेस त्याला उराशी धरून त्याच्या तोंडावर तोंड ठेवून ऊब द्यायची. देल्फिनाबाई ते बघायची नाही. पाठ फिरवून सूप ढवळत बसायची.

तिचं घर शेवटी ठेवलं होतं जगदाळ्यांनी, आणि त्याला कारण होतं. ते गावाच्या टोकाला, डोंगराकडच्या वाटेवर. जर्मन शेवटी बाहेर पडले ते त्याच घरातून. जाताजाता निवांत बसून पेरायला त्यांना वेळ मिळाला असणार. हवालदारांना तिथं घाई नको होती. पण बाई रोज सकाळी पळी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची.

“ओज्जी?” आज?

“दोमानी,” जगदाळे म्हणायचे. उद्या.

एका सकाळी तिनं ‘ओज्जी’ विचारलंच नाही. पोराला दुपट्यासकट आणून हवालदारांच्या हातात ठेवलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली. जगदाळ्यांना स्वतःची चार मुलं. ते पोर त्यांच्या कोटाला तोंड लावून खोकत राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी ते इनेसकडं दिलं आणि आमच्याकडं न बघता म्हणाले, “चला. आज बाईचं घर घिऊ.”

घर दुमजली, दगडी. खाली मोठं स्वैपाकघर, कोपऱ्यात जिना, वर एक निजायची खोली. आमची पद्धत अशी, की एका खोलीत एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी भिंतीआड थांबायचं. फुटलं तर एकावरच भागावं, एवढाच त्याचा अर्थ. खालचं स्वैपाकघर म्हादूनं घेतलं. मी अंगणातल्या भिंतीआड बसलो. हवालदार घरामागचा गुरांचा गोठा तपासायला गेले. देल्फिनाबाई, इनेस आणि परतलेले गावकरी, सगळे वाटेच्या वळणावर दगडांच्या आडोशाला उभे होते.

म्हादू काम करताना बोलायचा. त्यानं मनाला बरं वाटायचं, आणि बाहेरच्यालाही कळायचं की आत सगळं सुरळीत आहे.

“दार झालं. खिडकी झाली. मेज मोकळं हाय. जिन्याखाली एक लाकडाची पेटी हाय मोठी, तिला आत्ता हात लावत न्हाई. चुलीकडं जातो.”

चूल म्हणजे आपली मातीची नव्हे. ओतीव लोखंडाची, चार पायांची, पुढं झडप, वर भांडी ठेवायला तवे आणि धूर जायला नळी. त्या घरात मोलाची वस्तू तीच. म्हादू लोखंडावर बोटं फिरवत असल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “हाय बरं का, पाव्हणं. झडपीला तार हाय. आत सुरुंग भरून ठिवलाय बाबानं.”

“हवालदारांना हाक मारू?”

“नगं. दिसतंय मला समदं.”

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. भिंतीच्या दगडावरचं शेवाळ मात्र मला आजही दिसतं. शेवटी म्हादू दारात आला, कपाळावर भर थंडीत घाम, आणि हातात ते निकामी केलेलं धूड, पोर धरावं तसं दोन्ही हातांनी धरलेलं. माझ्या हवाली करून तो परत आत गेला. मला वाटलं, आता पुढची वस्तू बघील. पण धुराड्यातून धूर आला. आधी काळा, मग पांढरा, सरळ वर.

म्हादूनं खिडकी उघडली, अर्धा बाहेर वाकला आणि वळणावरच्या लोकांकडं बघून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला, “सिन्योराऽऽ! फुंत्सियोनाऽऽ!”

इतका चोख उच्चार त्यानं आधी कधी केला नव्हता. वळणावर माणसं हसली. एकानं टोपी उडवली. इनेस रडायला लागली होती. देल्फिनाबाईनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, आख्ख्या लढाईत मी इतका खूश कधी झालो नव्हतो.

“आता वरची खोली तेवढी,” म्हादू म्हणाला. “धा मिंटाचं काम.”

मी ते धूड खालच्या खड्ड्यात टाकायला घेऊन निघालो. परत येऊन भिंतीआड बसतो तोच वरच्या खिडकीतून त्याचा आवाज आला.

“पाव्हणं, खाट बघितली. आ पोस्तो. पाळणा हाय एक, त्यो बी आ पोस्तो. पर हितं देवी हाय.”

“कसली देवी?”

“त्यांची. लाकडाची, हातभर आसंल. कडेवर पोर घेतलेली. कोनाड्यातनं काढून खाली टाकलीय. पालथी पडलीय जिमिनीवर.”

“राहू दे,” मी ओरडलो. “म्हादू, हात लावायचा न्हाई. हवालदारांना येऊ दे.”

“लावत न्हाई, नुस्तं बघतोय.” वर फळी करकरली. मग पुन्हा, “आवं, पर ती पोरावर पडलीय. पोर खाली घावलंय तिच्या.”

“म्हादू, लाकूड हाय ते!”

“लाकूड हाय तर हाय, आपला भैरोबा बी धोंडाच हाय की. हितं पोरगं निजवायचंय त्यास्नी. पालथ्या देवीम्होरं निजवत्यात व्हय कुनी?”

“तुला काय करायचंय? देव त्यांचा हाय. त्यांचं ते बघतील!”

“त्यांचं त्यांनी कसं बघायचं? त्यास्नीच तर हात लावाय नगं म्हनून आपुन आलोय.”



मी हवालदारांना हाका मारत मागच्या बाजूला धावलो. वरून म्हादूचं बोलणं चालूच होतं, शांत, रोजच्यासारखं. “कडंनं बोट फिरवून बघितलंय. तार न्हाई कुठं. मोकळी हाय. पायताण बी जिन्यात काढून ठिवलंय. आता जरा...”

हवालदार गोठ्याच्या दारात दिसले, आणि त्याच वेळी ते झालं.

आवाजाचं मी काय सांगू? घराच्या छपराचा अर्धा भाग वर उचलला गेला आणि कौलं अंगणात पडत राहिली. 

आम्ही आत गेलो. खालचं स्वैपाकघर धुळीनं भरलेलं, पण जसंच्या तसं. चूल जळत होती. जिन्याच्या मधल्या पायरीवर म्हादूचे बूट होते. लष्करी, खिळ्यांचे, चिखलानं भरलेले, एकाशेजारी एक नीट लावून ठेवलेले. घरात देव आहे म्हटल्यावर त्यानं ते काढले, जसे तो गावी देवळाच्या पायरीवर काढत असे. जर्मनाला हे कुठलं ठाऊक असायला? त्यानं सापळा लावला होता तो त्याच्याच देवाला मानणाऱ्यांसाठी. देवीच्या खाली, तिच्या वजनानं दाबून धरलेला खटका होता. वजन उचललं की सुटणारा. तार नसतेच त्याला.

मला म्हादूचा राग आला. हे मी स्पष्टच लिहितो. त्याच्या उरलेल्या अंगाकडं बघतानासुद्धा मला वाटत होतं, की याला खांद्याला धरून गदागदा हलवावं आणि विचारावं, अरे, एवढे सुरुंग काढलेस, एवढ्या खाटांवर लोळलास, आणि शेवटी एका बाहुलीपायी? हा राग अजून गेलेला नाही. हौसावहिनी मरेपर्यंत मला विचारत राहिली, की भावजी, कसा गेला माझा भाऊ? मी म्हणायचो, सुरुंगावर गेला, कळलंही नसंल त्याला. पुढचं सांगितलं नाही. देव सरळ करायला गेला आणि मेला, हे ज्या बहिणीनं त्याला देवाच्या पाया पडायला शिकवलं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

चेहरा शाबूत होता त्याचा. छाती आणि हात यांबद्दल मी लिहीत नाही. आम्ही त्याला कांबळ्यात घालून खाली आणलं आणि अंगणात, दाराशेजारी भिंतीच्या आडोशाला ठेवलं. जगदाळ्यांनी वरची खोली पुन्हा पाहून घेतली. आता तिथं काहीच उरलं नव्हतं, धोकाही नाही. मग ते वर्दी द्यायला आणि लाकडांची सोय करायला खाली छावणीकडं निघाले. जाताना म्हणाले, “रंगराव, याच्यापाशी बस. एकटा सोडू नको त्याला.”

मी बसलो. ऊन उतरायला लागलं होतं. लोक अजून वळणावरच होते. जवळ यायचा त्यांना धीर होत नसावा. मधून पोराचा खोकला ऐकू यायचा. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. मला त्या पोराचं, त्या घराचं, त्या गावाचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

किती वेळ तसा बसलो कोण जाणे. मान वर केली तर धुराड्यातून दाट धूर निघत होता. मघाची लाकडं एव्हाना विझत यायला हवी होती. म्हणजे माझं लक्ष नसताना कुणीतरी आत जाऊन त्यात नवी लाकडं घातली होती.

माझं डोकं फिरलं. आमच्याकडं दारात मयत असताना आळीत कुणी चूल पेटवत नाही. शेजारचा वैरी असला तरी पेटवत नाही. आणि इथं ज्या माणसानं ती चूल मोकळी करून दिली, त्याचं अंग अजून निवालं नाही तोवर यांना सूप शिजवायची घाई? मी उठलो आणि दार ढकलून आत शिरलो. तोंडात शिव्या तयार होत्या, सगळ्या मराठी.

आत देल्फिनाबाई एकटीच होती. चुलीवर तांब्याचा मोठा हंडा, त्यातून वाफ निघत होती. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. डोक्याचा काळा रुमाल प्रथमच सोडलेला, आणि तिचे केस पूर्ण पांढरे आहेत हे मला तेव्हा कळलं. मेजावर एक नवीकोरी चादर होती, पांढरी, काठाला वेलबुट्टी काढलेली. लग्नात आणलेली असावी. बाजूला साबणाची वडी आणि घड्या घातलेली फडकी.

माझं लक्ष जिन्याखाली गेलं. ती मोठी लाकडी पेटी उघडी होती. ज्या पेटीला म्हादूनं हात लावला नव्हता, तीच. हवालदार वर गेले, खाली आले, छावणीकडं निघून गेले, आणि ती पेटी तपासायची तशीच राहिली होती.

“ही कुणी उघडली?” मी मराठीतच विचारलं. पेटीकडं बोट केलं.

बाईनं हंड्यातून नजर काढली नाही. आपल्याच छातीवर बोट टेकवलं.

मग तिनं हंड्याचा एक कान धरला आणि दुसरा मला धरायला खुणावलं. आम्ही दोघांनी तो बाहेर नेला. तिनं खांद्यावरचं फडकं घेतलं, गरम पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि म्हादूच्या कपाळापासून सुरवात केली. कपाळ, डोळे, कानामागची धूळ, पुढं आलेले दात झाकतील असे ओठ. मध्येच ती काहीतरी पुटपुटत होती. त्यात एक शब्द ‘फील्यो’ होता, आणि त्याचा अर्थ मला माहीत होता. लेकरू. मी पाय धुतले. उघडे होते ते, त्यामुळे बूट काढायचं काम राहिलं नव्हतं. पाण्याची ऊब हाताला लागली, आणि तेव्हा मी रडलो, मोठ्यानं, बाईच्या खांद्याला कपाळ लावून. आमच्या आईच्या अंगाला यायचा तसाच धुराचा वास तिच्या अंगाला येत होता.

चादरीत गुंडाळून झालं, तेव्हा पोर पुन्हा खोकलं. आता आवाज जवळून आला. वळण सोडून इनेस अंगणाच्या फाटकापर्यंत आली होती. मागं गावातली माणसं. सूर्य डोंगराआड जात होता, आणि वारा सुटला होता. पोराचे ओठ निळे दिसत होते.

“आत आण त्याला,” मी म्हणालो, आणि हातानं दार दाखवलं. “चूल पेटलीय. आत आण.”

इनेस दारापर्यंत आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. तिनं फुटलेल्या छपराकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मागची माणसंही माझ्याकडंच बघत होती. ती कशासाठी थांबलीत हे मला ठाऊक होतं. रीतच होती ती. कुणीतरी आधी आत जाऊन वापरून दाखवायचं, आणि मग तो शब्द म्हणायचा. मी तोंड उघडलं. आणि मिटलं. मी चूल उघडली नव्हती, तार कापली नव्हती, जाळ घातला नव्हता. तो शब्द माझा नव्हता.

देल्फिनाबाई म्हादूच्या उशाशी बसली होती. फडकं पिळत होती. तिनं मान वर न करता, नेहमीच्याच करड्या आवाजात लेकीला सांगितलं, “ला जा देत्तो लुई.”

तेवढं मला कळत होतं. त्यानं सांगितलंय आधीच.

इनेसनं पोराला छातीशी घट्ट धरलं, वाकून म्हादूच्या पायांना हात लावला, आणि उंबरा ओलांडून आत गेली.